पेलेंगेच्या दारावरची सुरी

भर दुपारी ओढ्यापलीकडून हातोड्याचा आवाज आला आणि म्बाकामच्या हातातली तासणी थबकली.

आवाज दबका होता. ऐरणीवर ओली पानं अंथरून कुणी ठोके घालावेत तसा. थोडे ठोके, मग गप्प. मग पुन्हा.

"ऐकलंस?" त्यानं बहिणीला विचारलं.

म्वेल अंगणात कसाव्याची पानं निवडत बसली होती. "काय ऐकायचं?"

"बुलांगुत भट्टी चालू आहे."

"सुतकात? कुणीतरी कसावा कुटत असेल, दादा. ऊन चढलं की तुला झाडंसुद्धा बोलताना ऐकू येतात."

म्बाकामनं पुन्हा कान दिला. आपल्याला जे वाटतं ते खरंच तसं असतं की आपणच तसं वाटून घेतो, हा घोळ त्याच्या मनात जन्मभर होता. लाकूड हातात असलं की तेवढ्यापुरता तो मिटायचा. लाकडाला हात लावला की ते कुठं चिरेल, कुठं दगा देईल हे त्याला कळायचं. माणसांचं तसं कळायचं नाही. पण मुसळाचा आवाज खाली बसतो आणि लोखंडाचा आवाज मागं शेपूट ठेवून जातो, एवढं त्याला कळत होतं. या आवाजाला शेपूट होतं.

ओढ्यापलीकडच्या बुलांगु गावात भट्टी एकच होती, पेलेंगे लोहाराची. त्याच्या धाकट्या भावाला, क्वेतला, जाऊन अजून चंद्रही पुरता फिरला नव्हता. घरात मरण झालं की लोहार भट्टी विझवतो, ऐरण पालथी घालतो आणि सलोखा होईपर्यंत लोखंडाला शिवत नाही. ठोक्यांचा आवाज कानी गेला तर मेलेला माणूस समजतो की घरात आपल्यासाठीच काहीतरी घडवतायत, आणि ते न्यायला परत येतो.

आणि सलोखा उद्यावर आला होता.

क्वेतला मारलं होतं मिकोबीनं, म्वेलच्या मुलानं, म्हणजे म्बाकामच्या भाच्यानं. मुद्दाम नव्हे. गवताला आग लावून शिकार काढायचे दिवस होते. माणसं रांगेनं उभी होती. धुरात समोरचं गवत हललं, रानडुक्कर समजून मिकोबीनं भाला टाकला. गवतात क्वेत होता. हातातल्या इकुलीनं, रुंद सुरीनं, वेल कापायला तो खाली वाकला होता. मिकोबीनं पळ काढला नाही. मढं स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो रडत बुलांगुत गेला आणि पेलेंगेच्या दारात त्यानं ते उतरवलं. दोन्ही गावांतले थोरले म्हणाले, ज्यानं मेलेल्याचं ओझं वाहिलं त्याच्याशी सलोखा होऊ शकतो. पेलेंगेनंही नंतर होकाराची मान हलवली होती.

त्या मुलखात इकुल कमरेला आली की मुलगा पुरुष होतो. मोठ्या पानासारखं रुंद पातं, खाली गोल मूठ. पुरुष तिनं केळी सोलतो, ताडाच्या झावळ्या कापतो, शिकारीचे वाटे घालतो, डोकं भादरतो, आणि पंचायतीत बोलायला उठला की तीच डाव्या हातात धरतो. उजव्या हातात धरली तर ते हत्यार, डाव्या हातात धरली तर तो शब्द. एका जुन्या राजानं फेकून मारायच्या सुऱ्या मोडायला लावल्या आणि त्यांच्या जागी ही दिली, असं म्हातारे सांगायचे. म्हणून सासुरवाडीला जाताना लोखंडाची घरी ठेवून लाकडाची खोचून जायचं. दिसायला तीच, पण धार नाही.

सलोख्यालाही लाकडाचीच लागते. एकाच ओंडक्यातून, एकाच माणसानं दोन कोरायच्या आणि तेल-काजळीनं काळ्या करायच्या, इतक्या की नजरेला लोखंड वाटावं. मैदानात मारणारा आणि मेलेल्याचा भाऊ समोरासमोर येतात. एकानं डाव्या हातानं मूठ धरून सुरी पुढं करायची, दुसऱ्यानं पातं उघड्या पंजात आवळून ती ओढून घ्यायची. मग दुसऱ्यानं द्यायची. आलेली सुरी ज्यानं त्यानं आपल्या दारावर टांगायची. ते लाकूड दारावर आहे तोवर त्या घरातला कुणी समोरच्या घरावर लोखंड उचलत नाही. आणि मारणाऱ्याच्या पंजातून रक्त आलं, तर मेलेल्याला सलोखा मान्य नाही असं समजायचं. मग मारणाऱ्यानं त्याच पावली मेलेल्याच्या घरी चालत जायचं, त्याच्या जागी राहायला. म्बाकामच्या आजोबाच्या काळात असा एकजण गेला होता. त्याची आई रोज ओढ्याकाठी जेवणाचं मडकं ठेवायची. मडकं रोज भरलेलं परत मिळायचं.

लाकडाच्या सुरीनं हात कापत नाही. म्हणून सगळे निर्धास्त असतात.

दोन्ही गावांत कोरणारा म्बाकामच. मिकोबीचा मामा असूनही कुणी हरकत घेतली नाही. पेलेंगेनंही नाही. त्या दोघांचं काम जन्मभर एकत्र चाललं होतं. पातं पेलेंगेचं आणि मूठ म्बाकामची, अशी नसलेली इकुल दोन्ही गावांत सापडली नसती.

आपली सुरी न्यायला पेलेंगे स्वतः आला होता, अंगाला पांढरी माती फासून.

"बस की," म्बाकाम म्हणाला होता.

"बसत नाही. सुतक आहे." त्यानं सुरी उचलली, लाकडाच्या धारेवरून अंगठा फिरवला. "तुझं लाकूड माझ्या लोखंडापेक्षा देखणं दिसतंय. आंधळा फसेल."

"आंधळा कसा फसेल? तो हात लावून बघतो. फसेल तो डोळस."

पेलेंगे हसला होता. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, म्हणून म्बाकामला बरं वाटलं होतं. आता ते हसू त्याला दुसऱ्याच तऱ्हेनं आठवायला लागलं.

तो उठला आणि थोरल्या न्योंगांकडे गेला. गावचा शब्द त्यांचा. ते सावलीत माडीचा भोपळा मांडीशी घेऊन पेंगत होते.

"थोरले, बुलांगुत भट्टी पेटली आहे."

न्योंगांनी एक डोळा उघडला. "बघितलीस?"

"ऐकली."

"धूर दिसला?"

"नाही."

"मग उद्या मी उभा राहून काय सांगू? आमच्या सुताराच्या कानाला असं वाटलं म्हणून? सुतकातल्या माणसावर भट्टी पेटवल्याचा आळ घेणं म्हणजे काय, माहीत आहे ना? खोटा निघाला तर सलोखा तिथंच मोडला. मग तुझ्या भाच्याला कोण वाचवणार, तुझे कान?"

"नाही, थोरले."

"जा. माडी घे थोडी."

संध्याकाळी मिकोबी मामाच्या अंगणात आला. धिप्पाड पोरगा, पण त्या दिवसापासून चालताना जमिनीकडे बघायला लागला होता. तो म्हणाला, "मामा, पातं कसं धरायचं? घट्ट की सैल?"

म्बाकामनं हातातली तासणी खाली ठेवली. "घट्ट. सैल धरलं तर मनात पाप आहे असं समजतात."

"तुझं लाकूड आहे म्हणून भीती नाही. दुसऱ्या कुणाचं असतं तर कूस लागली असती." तो ओशाळं हसला. "सलोखा झाला की बेंगेच्या बापाला विचारायचं म्हणतोय. माणूस मारणाऱ्याला देईल का तो पोरगी?"

"देईल," म्वेल घरातून म्हणाली. "त्याच्या पोरीचं नाक बघितलंयस? त्याला विचारलं हेच खूप झालं."

मिकोबी हसला. म्बाकामला हसू आलं नाही.

सकाळी दोन्ही गावं ओढ्याकाठच्या मैदानात जमली. एका बाजूला म्बाकामच्या गावची, मापेयची माणसं, दुसऱ्या बाजूला बुलांगुची. मधे चटई. क्वेतची आई डोकं भादरून सगळ्यात पुढं बसली होती. तिची नजर मिकोबीवरून हलत नव्हती. त्या नजरेत राग नव्हता. बाजारात बकरं निवडताना बघतात तशी ती त्याचे खांदे, पाय बघत होती.

पेलेंगेनं आपली सुरी कापडात गुंडाळून आणली होती. ती त्यानं चटईवर उगवतीच्या बाजूला ठेवली. मिकोबीनं आपली मावळतीच्या बाजूला ठेवली. दोन्ही सारख्याच काळ्या, सारख्याच रुंद. मुठीवरची नक्षी म्बाकामच्या हातची. ती त्यानं लांबूनही ओळखली असती. पेलेंगेच्या हातांना आज माती जरा जास्तच जाड लावलेली होती, पार कोपरांपर्यंत.

आता काम म्बाकामचं. तांबड्या लाकडाची पूड तेलात कालवून दोन्ही पात्यांना लावायची, मग त्यांच्यावर कापड घालायचं आणि नावं पुकारली की काढायचं. लेप लावायला राफिया ताडाच्या धाग्यांची जुडी असते. सुऱ्या उचलायच्या नसतात. म्बाकामनं आजवर जुडीनंच लावला होता. आज त्यानं जुडी बाजूला ठेवली आणि लेप डाव्या पंजावर घेतला.

मिकोबीच्या सुरीवरून त्याचा पंजा फिरला. उबदार, ओळखीचं लाकूड.

मग तो दुसरीकडे वळला. पात्याला शिवताच गारवा लागला. त्याला वाटलं, सकाळचं दव असेल. आपल्या मनाचा खेळ असेल. थोरल्यांनी सांगितलं ते बरोबर असेल. एवढं सगळं मनात येऊन गेलं आणि त्यानं पंजा आवळून धारेवरून ओढला.

दुखलं नाही. पेलेंगेची धार अशीच असायची, आधी काही कळायचं नाही. मग पंजात ऊब पसरली. त्यानं हात उघडून बघितला. बोटांच्या मुळाशी आडवी सरळ रेघ उघडली होती आणि त्यातून येणारं रक्त तांबड्या लेपात मिसळत होतं. दोन्हींचा रंग एक. दोन्ही गावं बघत होती आणि कुणालाच काही दिसत नव्हतं.

मूठ त्याची होती. त्यानं कोरलेल्या सुरीची मूठ कापून तिच्यात लोखंड बसवलं होतं, सांध्यावर काजळी भरून. काम सुरेख होतं. अशा घडीलाही म्बाकामला ते जाणवलं.

त्यानं मान वर केली. पेलेंगे त्याच्याकडेच बघत होता. त्या नजरेत भीती नव्हती. तू ओरडणार नाहीस, एवढंच तीत होतं. आणि ते खरं होतं. ओरडलं तर सलोखा मोडणार. भाले दोन्हीकडच्या गवतात ठेवलेले असतात, हे कुणाला माहीत नव्हतं? पहिला भाला मिकोबीवरच येणार. गप्प बसलं तर मिकोबी पातं घट्ट आवळणार, कारण मामानंच तसं सांगितलंय.

म्बाकामनं कापड उचललं, दोन्ही सुऱ्यांवर पसरलं आणि कडा सारख्या करताना आत हात घालून उगवतीची सुरी मावळतीला केली, मावळतीची उगवतीला. त्यानं जन्मात एवढं धीट काम केलं नव्हतं. मूठ आवळून तो मागं सरला.

नावं पुकारली. कापड निघालं.

पेलेंगेनं आपल्या बाजूची सुरी उचलली आणि त्याचा हात गरजेपेक्षा वर गेला. जड समजून उचललेली वस्तू हलकी निघाली की जातो तसा. त्यानं म्बाकामकडे बघितलं. मिकोबीनं उचलली तेव्हा त्याचा हात किंचित खाली गेला. भीतीनं हात जड झालाय, असं त्याला वाटलं असावं. त्यानं ओठ घट्ट मिटले.

आधी पेलेंगेनं द्यायची होती. मिकोबीनं पातं आवळलं, डोळे मिटून, अंगातल्या सगळ्या जोरानं. ओढलं. पंजा उघडून दोन्ही गावांना दाखवला. तांबडा लेप, त्याखाली धड कातडी. थोरल्या न्योंगांनी बोट फिरवून बघितलं आणि मान डोलावली. बायकांनी आनंदानं जिभेचा कल्लोळ केला. म्वेल मटकन खाली बसली.

मग मिकोबीनं सुरी पुढं केली.

पेलेंगेनं पात्याकडे बघितलं. मग त्यानं आपलंच पातं आपल्या पंजात घेतलं आणि आवळलं, हवं होतं त्याहून जास्त. सावकाश ओढून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरची माती हलली नाही. मेलेल्याच्या भावाचा पंजा कुणी बघत नसतं. एक थेंब खाली पडला. त्यानं त्यावर पाय ठेवला, सुरी कमरेला खोचली आणि आवळलेली मूठ वर केली. बुलांगुनं आरोळी दिली. सलोखा झाला.

त्या दिवशी मापेयमध्ये बकरं कापलं, माडी वाहिली. मिकोबीनं आपल्या दारावर लाकडाची सुरी टांगली आणि क्वेत गेल्यापासून पहिल्यांदाच मान वर करून चालला. म्वेलनं भावाच्या हाताला पाला बांधला. "काय झालं?"

"तासणी लागली."

"पंजाच्या आत? तुला म्हातारपण लागलंय."

म्बाकाम हसला. उरावरचा धोंडा उतरला होता. तो जेवला, झोपला. आणि सकाळी भाच्याच्या दारावरून जाताना वर टांगलेल्या लाकडाकडे बघत तो तसाच उभा राहिला. मिकोबीच्या दारावर लाकूड होतं. मग पेलेंगेच्या दारावर काय होतं? आणि ते त्याला दोन्ही गावांदेखत कुणी दिलं होतं?

तो घरी आला आणि उरलेल्या ओंडक्यातून त्यानं तिसरी सुरी कोरायला घेतली. काजळी वाळताच ती कापडात गुंडाळून तो ओढा ओलांडून गेला.

पेलेंगेची भट्टी आता राजरोस पेटली होती. तो ऐरणीपाशी बसला होता, डाव्या हाताला पट्टी. दारावर इकुल टांगलेली होती. लेप वाळून गळाला होता, पातं काळं दिसत होतं.

"ये, सुतार. मुठी आणल्यास?"

म्बाकामनं कापड उलगडलं. "ती उतरव. ही टांग. कुणाला कळणार नाही."

"कशाला? तुझ्या भाच्यानं दिली ती बरी आहे. दणकट आहे."

"पेलेंगे."

लोहारानं हातोडा खाली ठेवला. "एक सांगू? मला फक्त त्याचा पंजा हवा होता. थोडं रक्त. आईला घरात पोरगा हवा होता, क्वेतच्या जागी. शेतात खपला असता, तिच्या हातचं जेवला असता. मारणार नव्हतो मी त्याला. बांधूनही ठेवणार नव्हतो." तो उठून दाराशी आला. "तू त्याचा पंजा वाचवलास. आणि मला त्याची मान दिलीस."

म्बाकामनं दारावरच्या पात्याकडे बघितलं.

"ही सुरी थोरल्यांपुढं ठेवली आणि विचारलं, बघा, मापेयच्या मिकोबीनं सलोख्याला काय आणलं, तर? सगळ्यांनी त्याच्या हातातून माझ्या हातात येताना बघितली. सलोख्याला लोखंड आणणाऱ्याला पुरायला जमीनसुद्धा मिळत नाही. मूठही तुझी. त्याच्या मामाची."

"मी सांगीन. खरं काय ते सांगीन."

"काय सांगशील? की पातं पेलेंगेचं आहे? दोन्ही गावांत कुणाचं पातं पेलेंगेचं नाही?"

म्बाकामनं हातावरचा पाला सोडला आणि पंजा पुढं केला. "हे सांगेल. लेप लावताना कापलंय. सुरी मिकोबीच्या हातात यायच्या आधी."

पेलेंगेनं त्याचा पंजा आपल्या हातात घेतला. आपलंच काम तपासावं तसा उजेडाकडे धरून बघितला. "सरळ गेलंय," तो म्हणाला. "पण सुताराचा हात आहे हा, गड्या. वणांनी भरलेला. हेही भरून येईल. मग कोणता वण तासणीचा आणि कोणता माझा, तुला तरी सांगता येईल का?"

"केव्हा उतरवणार आहेस ती?"

"घाई काय आहे?" त्यानं हातोडा उचलला. "त्याचं लग्न होऊ दे. घरात पोर येऊ दे. माझ्या आईनं जे गमावलं ते गमवायला तुझ्या बहिणीच्या पदरात आधी काहीतरी भरायला हवं. मेलेला थांबतो, म्बाकाम. त्याला दुसरं काय काम असतं?"

आतून म्हातारीनं विचारलं, "कोण आलंय रे? तो मुलगा आला का?"

"नाही आई. अजून नाही," पेलेंगे म्हणाला.

मिकोबीला बेंगेच्या बापानं पोरगी दिली. सुगी झाली की लग्न. गावात म्हणतात, सलोखा असा व्हावा. म्बाकाम हल्ली फार कोरत नाही. लाकूड धरायला भाचा लागतो, कारण मामाचा डावा हात काही बरा होत नाही. म्वेलनं सगळे पाले लावून बघितले. खपली धरते आणि पुन्हा जखम ओली दिसते. ती म्हणते, कुणाची तरी दृष्ट आहे.

ती शेतात गेली की म्बाकाम घराच्या मागल्या बाजूला बसतो. कमरेची इकुल काढतो, पातं पेलेंगेचं, मूठ स्वतःची. उजव्या हातात धरतो आणि पंजातली रेघ पुन्हा उघडतो, जिथली तिथं, तेवढीच लांब. या साक्षीवर कुणी विश्वास ठेवील, असं त्यालाही वाटत नाही. पण दुसरी साक्ष त्याच्याकडे नाही, आणि ही मिटू द्यायची नाही.

बाजाराच्या दिवशी पेलेंगे भेटतो. सलोख्यातली माणसं डाव्या हाताला डावा हात देतात, तसा तो देतो. त्याचा पंजा कधीच भरून आलाय. तो म्बाकामचा हात धरतो, अंगठा नेमका रेघेवर ठेवतो, दाबतो, आणि ओल लागली की समाधानानं मान हलवतो.

"भाचा बरा आहे ना?" तो विचारतो.

"बरा आहे," म्बाकाम म्हणतो.